वाटा ठरला, वाटेकरी कोण?

महाराष्ट्रात 2013 पासून एक नियम आहे. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरात 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर गृहप्रकल्प उभा राहणार असेल, तर मूळ चटईक्षेत्राच्या (भूखंडावर मुळात जितकं बांधकाम करायची मुभा असते त्याच्या) 20 टक्के इतकं बांधकाम अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटांसाठी छोट्या घरांच्या रूपात करायचं. ती घरं म्हाडाच्या सोडतीतून, रेडी रेकनर या सरकारी दरपत्रकातल्या बांधकाम दरावर आधारलेल्या किमतीत द्यायची. बदल्यात बिल्डरला तेवढं चटईक्षेत्र जादा मिळतं, म्हणजे त्याच्या हातचं फारसं जात नाही. मुंबई आणि आणखी काही भाग वगळता राज्यभर 2020 च्या डिसेंबरात लागू झालेल्या एकत्रित नियमावलीतही हा नियम कायम राहिला. सरकारी भाषेत त्याला समावेशक गृहनिर्माण म्हणतात.

नियम न्याय्य आहे, आणि मी त्याच्या बाजूचा आहे. पुण्यातल्या बाणेर किंवा वाकडची जमीन सोन्याच्या भावाची झाली ती जमीनमालकाने किंवा बिल्डरने कष्ट केले म्हणून नव्हे. तिथे रस्ता गेला, पाणी आलं, शाळा निघाल्या, शेजारी कंपन्या आल्या. हे सगळं ज्यांच्या करातून आणि ज्यांच्या मजुरीतून झालं, त्यांना त्या जमिनीवर राहण्याचा काही वाटा मिळावा ही मागणी दानधर्माची नाही. त्याच इमारतीत धुणंभांडी करायला येणारी बाई दोन बस बदलून येते आणि गेटवरचा सुरक्षारक्षक एका खोलीत सहा जणांबरोबर झोपतो, अशी शहरं आपण रचत गेलो. 20 टक्क्यांचा नियम ही रचना बदलू शकतो.

तो ती बदलत का नाही, हा खरा प्रश्न आहे. बिल्डर लबाड, अधिकारी भ्रष्ट, ही उत्तरं तयार असतात आणि त्यांत तथ्यही असतं. पण गेल्या पन्नास वर्षांकडे पाहिलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. गरिबांचा वाटा कागदावर लिहिला जातो, पण तो नेमका कोणाच्या हातात पडायचा हे ठरलेलं नसतं. वाटेकरी ठरलेला नसला की वाटा सांभाळायला कोणीच उभं राहत नाही.

पवईचं उदाहरण घ्या. 1976 च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्यामागे हेतू हाच होता, की शहरातली जादा जमीन सर्वसामान्यांच्या घरांसाठी यावी. 1986 मध्ये राज्य सरकार, एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आणि विकासक यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. पवईची सुमारे 230 एकर जमीन एकरी 40 पैसे भाड्याने विकासकाला मिळाली. अट एवढीच, की निम्मी घरं 40 चौरस मीटरची आणि निम्मी 80 चौरस मीटरची बांधायची. प्रत्यक्षात तिथे काय उभं राहिलं ते मुंबईकरांना सांगायची गरज नाही. कराराला पाव शतक उलटून गेल्यावर, 2012 च्या फेब्रुवारीत, मुंबई उच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेवर निकाल देताना सांगितलं, की आधी या दोन आकारांची मिळून 3,000 हून अधिक घरं बांधा, मग पुढचं बोला. कराराला तीन पक्ष होते. ज्यांच्यासाठी 40 मीटरची घरं होती ते चौथे; त्यांची सही नव्हती, यादी नव्हती, संस्था नव्हती. दार ठोठावायला शेवटी जनहित याचिका करणारे लागले, आणि तेही सगळं बांधून झाल्यावर.

गिरण्यांच्या जमिनीचंही असंच झालं, फक्त तिथे नुकसान जास्त खोल होतं. मुंबईच्या मध्यभागी सुमारे 600 एकर जमीन, आणि 1982 च्या संपानंतर रिकामे झालेले हात. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम 58 ने सरळ वाटणी केली होती: एक तृतीयांश जमीन महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. 2001 मध्ये या नियमात बदल झाला आणि वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती उरली. जिच्यावर शेड उभी होती ती जमीन वाटणीतून निसटली. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन ती किती असणार? 2006 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरवला आणि परळ-लोअर परळचं भविष्य ठरून गेलं.

यात एक गोष्ट मात्र लक्षात घ्यायला हवी. गिरणी कामगारांना जी काही हजार घरं मुंबईत मिळाली, ती मिळाली कारण त्यांच्या संघटना होत्या. वारसांच्या याद्या होत्या, मोर्चे होते, आझाद मैदान होतं. म्हाडाच्या वाट्यातला हिस्सा कामगारांसाठी राखून ठेवायला सरकारला भाग पाडणारी माणसं नावानिशी उभी होती. जिथे वाटेकरी बोलत होता तिथे थोडं तरी हाती आलं. बाकी जमीन गेली. उरलेल्या वारसांना आता शेलू आणि वांगणीचा रस्ता दाखवला जातो आहे. गिरणगावात जन्मलेल्या माणसाला कर्जतच्या गाडीत बसवून ‘घर दिलं’ म्हणायचं, हे मला मान्य नाही. 2025 च्या जुलैत आझाद मैदानावर जमलेल्या कामगारांनाही ते मान्य नव्हतं.

आता 20 टक्क्यांकडे येऊ. 2022 मध्ये नाशिकचा प्रश्न विधान परिषदेत गाजला. म्हाडाकडे यायला हवी होती ती घरं आणि भूखंड वर्षानुवर्षं आलेच नाहीत, मोठ्या जमिनींचे 4,000 मीटरच्या आत बसतील असे तुकडे पाडून परवानग्या घेतल्या गेल्या, असे आरोप झाले. प्रकरण तेव्हाच्या महापालिका आयुक्तांच्या बदलीपर्यंत गेलं. पण मला त्यात खटकतं ते वेगळंच. एवढी वर्षं ही घरं येत नव्हती, तर त्यांची वाट कोण पाहत होतं? कोणीच नाही. नाशिकरोडच्या किंवा सातपूरच्या कुठल्याही कुटुंबाला ठाऊक नव्हतं, की अमुक सर्व्हे नंबरच्या जागेत आपलं घर अडकलं आहे. फसवणूक झाली, पण फसवला गेलेला माणूस कोण हे सांगता येईना. अशा फसवणुकीइतकी सोयीची फसवणूक दुसरी नसते.

इथे सोडतीबद्दल बोलायलाच हवं, कारण म्हाडाची सोडत ही मराठी मध्यमवर्गाची आशेची जागा आहे आणि तिच्याविरुद्ध बोलणं कोणालाही आवडत नाही. सोडत आली त्याला कारण होतं. कमाल धारणा कायद्याखालच्या योजनांतली काही घरं मुख्यमंत्र्यांच्या स्वेच्छाधिकार कोट्यातून वाटली जात आणि ती कोणाकोणाला मिळाली यावरून न्यायालयापर्यंत वाद गेले. त्या मानाने संगणकाने काढलेलं नाव हजारपटीने बरं. पण सोडतीत लाभार्थी जन्माला येतो तो घर बांधून झाल्यावर, किंवा निदान म्हाडाच्या यादीत आल्यावर. त्याआधी नकाशा मंजूर होताना, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र देताना, इमारत राहायला खुली करणारं भोगवटा प्रमाणपत्र देताना, म्हणजे जिथे वाटा चोरला जातो त्या प्रत्येक टेबलावर, तो अस्तित्वातच नसतो.

शिवाय सोडतीत नाव येतं ते कोणाचं? 2022 मध्ये मुंबई, पुणे, नागपूरसारख्या महानगर प्रदेशांत अत्यल्प उत्पन्न गटाची मर्यादा वर्षाला सहा लाख करण्यात आली. महिना पन्नास हजार मिळवणारं कुटुंब आणि चार घरची कामं करून पंधरा हजार मिळवणारी एकटी बाई एकाच चिठ्ठ्यांच्या डब्यात. समजा बाईचं नाव आलंच. मग ठरावीक मुदतीत पैसे भरायचे, त्यासाठी कर्ज काढायचं, कर्जासाठी पगाराची पावती आणि आयकराचं विवरणपत्र द्यायचं. तिच्याकडे यातलं काही नाही. तिने घर परत केलं की प्रतीक्षा यादीतला पुढचा माणूस, ज्याच्याकडे पावती आहे, ते घेतो. कोणी कायदा मोडला नाही, कोणी लाच घेतली नाही, आणि तरी जिच्यासाठी नियम केला ती बाहेर राहिली.

आता सोलापूरला चला. विडी वळणाऱ्या बायका, बऱ्याचशा तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली, त्यांच्या जोडीला मुस्लिम आणि दलित. घर हाच त्यांचा कारखाना: पान भिजवायचं, कापायचं, तंबाखू भरायची ती त्याच खोलीत, जिथे पोरं झोपतात. या बायकांची सहकारी गृहनिर्माण संस्था मार्क्सवादी नेते नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली, लाल बावट्याच्या कामगार संघटनेतून उभी राहिली. गोदुताई परुळेकरांचं नाव तिला दिलं. शहराच्या हद्दीबाहेर कुंभारीला 10,000 घरांची वसाहत झाली आणि 2006 च्या सप्टेंबरात पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचं लोकार्पण झालं. घराचा खर्च 60,000 रुपये: एक तृतीयांश केंद्राचा, एक तृतीयांश राज्याचा, एक तृतीयांश विडी कामगार बाईचा. त्यानंतर त्याच कुंभारीला असंघटित कामगारांसाठी रे नगरची 30,000 घरांची योजना आखली गेली. 2019 च्या जानेवारीत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते पायाभरणी आणि 2024 च्या जानेवारीत त्यांच्याच हस्ते पहिल्या 15,000 घरांचं वाटप. मार्क्सवादी नेत्याने चालवलेल्या योजनेला आधी काँग्रेसचे पंतप्रधान आले आणि नंतर भाजपचे. सभासदांची यादी तयार असली, प्रत्येकीचा हप्ता जमा असला, जमीन घेतलेली असली, की सरकार कोणाचंही असो, त्याला नाही म्हणणं जड जातं.

सोलापुरात घरं बांधायच्या आधी घरवाल्या ठरल्या होत्या. त्या दर महिन्याला पैसे भरत होत्या, कुठल्या मंत्रालयात फाइल अडली ते त्यांना ठाऊक असे, आणि अडली की त्या मोर्चा काढत. सरकारी योजनेची देखरेख करायला याहून चांगली यंत्रणा मला माहीत नाही.

मुंबईत हेच आणखी आधी, आणखी कमी साधनांत झालं होतं. 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयात फुटपाथवासीयांच्या ऑल्गा टेलिस खटल्याचा निकाल लागला आणि फुटपाथवर राहणाऱ्यांच्या डोक्यावर हटवलं जाण्याची टांगती तलवार आली. भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांनी महिला मिलन नावाची संघटना बांधली, रोजचे एक-दोन रुपये साठवायला सुरुवात केली आणि स्वतःच आपली शिरगणती केली. मग त्यांनी आपल्याला हव्या त्या घराचा नमुना कापड-बांबूने उभा करून लोकांना दाखवला. त्यात चौदा फूट उंचीची खोली होती, वर पोटमाळा. जागा तेवढीच, पण खाली चूल आणि वर झोपायला. कुठल्याही सरकारी नमुन्यात हा पोटमाळा नव्हता, कारण सरकारी नमुना काढणाऱ्याला आठ जण एका खोलीत कसे झोपतात हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. याच संघटनेने आणि तिच्या सोबतच्या संस्थांनी पुढे पुण्यात येरवड्याला, केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेच्या पैशातून, वस्ती न हलवता जुन्या कच्च्या घरांच्या जागीच साधारण 270 चौरस फुटांची पक्की घरं बांधायला मदत केली. कुटुंबाने दहा टक्के रक्कम भरायची, वास्तुरचनाकाराशी बसून आराखडा ठरवायचा. शेजारी तेच राहिले, गल्ली तीच राहिली, कामाला जायची वाटही तीच.

माझं म्हणणं आता सरळ मांडता येईल. 20 टक्क्यांच्या नियमाला जमीन आहे, पण माणसं नाहीत. सोलापूर-येरवड्याच्या वाटेला माणसं आहेत, पण शहरातली मोक्याची जमीन नाही. म्हणून सोलापूरच्या बायकांना कुंभारीला जावं लागलं आणि कामापासूनचं अंतर, बसची सोय, शाळा, पाणी हे सगळं मागाहून झगडून मिळवावं लागलं. या दोन गोष्टींची गाठ घालायला हवी. समावेशक घरांपैकी निदान निम्मी घरं त्या-त्या प्रभागात काम करणाऱ्यांच्या नोंदणीकृत सहकारी संस्थांना द्यावीत: घरेलू कामगारांच्या, कंत्राटी सफाई कामगारांच्या, सुरक्षारक्षकांच्या, रिक्षाचालकांच्या, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बांधकाम मजुरांच्या. कोणत्या प्रकल्पातली घरं कोणत्या संस्थेला, हे नकाशा मंजूर होतानाच जाहीर व्हावं. अनेक संस्था असतील तर त्यांच्यात सोडत काढा, पण ती सुरुवातीलाच. म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र द्यायची वेळ येईल तेव्हा महापालिकेच्या दारात चाळीस बायका ‘आमची घरं कुठं आहेत?’ असं विचारायला उभ्या असतील. अटी नियमात घालणं सोपं असतं. त्या पाळल्या गेल्या का हे पाहणारं कोणी लागतं. उरलेली निम्मी घरं खुशाल खुल्या सोडतीला ठेवा.

समूह म्हटलं की महाराष्ट्रात धोका जातीचा, आणि तो मी लहान मानत नाही. आपल्याकडे सहकारी गृहनिर्माणाची सुरुवात झाली तीच 1915 मध्ये गावदेवीच्या सारस्वत सोसायटीपासून. ते काम मोठं होतं. भाडेकरू म्हणून पिळले जाणाऱ्या मध्यमवर्गाला सोसायटीचे संस्थापक तळमकी यांनी स्वतःच्या घराची वाट दाखवली. पण ज्ञातीची सोसायटी हा आपल्याकडचा पहिला साचा ठरला. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात आपल्याच समाजाच्या लोकांना सभासद करण्याची उपविधी वैध ठरवली. आज पुण्या-मुंबईत मुसलमानाला, दलिताला, कधी मांसाहारी कुटुंबाला घर नाकारलं जातं, त्यामागे हाच साचा आहे. म्हणून सार्वजनिक नियमातून मिळणाऱ्या घरांसाठी समूह धरायचा तो कामाचा आणि प्रभागाचा, जातीचा किंवा धर्माचा मुळीच नाही, हे कायद्यातच लिहिलं पाहिजे. गोदुताई वसाहतीतल्या संस्थेचं मला सर्वांत मोठं मोल वाटतं ते इथे: विडी हा सगळ्यांना जोडणारा एकच धागा होता.

दुसरी शंका पुढाऱ्यांची. संस्थेचा अध्यक्षच घरं विकून खाईल, नगरसेवक आपली माणसं घुसवेल. हे होतं, आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्यावर उपाय म्हणजे सभासद यादी वर्षभर आधी प्रसिद्ध करणं, हप्त्यांचा हिशेब बँकेतून ठेवणं, उपनिबंधकाने तपासणी करणं, आणि मुख्य म्हणजे सभासदांत बायका बहुसंख्येने असणं. बाकी, घरं बांधून मतं विकत घेता येतात असं म्हणणाऱ्यांनी सोलापूरचे निकाल पाहावेत. 2006 मध्ये दहा हजार घरं उभी राहिली आणि आडम 2009 पासून एकही विधानसभा निवडणूक जिंकलेले नाहीत. तरी रे नगर झालं.

घर एकदा मिळालं की टिकायचं कसं, यावर आपल्याकडे फारच कमी विचार होतो. म्हाडाचं घर पाच वर्षं विकता येत नाही. त्यानंतर ते बाजारात जातं आणि बाजारभावाने विकलं जातं. म्हणजे 20 टक्क्यांतून आलेलं स्वस्त घर एका कुटुंबापुरतंच स्वस्त. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात माँटगोमेरी काउंटीने 1974 मध्ये असाच समावेशक घरांचा कायदा केला, तेव्हा किमतीवरचं बंधन पाचच वर्षांचं ठेवलं. बघता बघता घरं हातची गेली. 1981 मध्ये त्यांनी मुदत दहा वर्षं केली आणि 2005 मध्ये विक्रीच्या घरांसाठी तीस. त्यांना हे शिकायला तीस वर्षं लागली. आपल्याला तेवढी लागायचं कारण नाही. घर संस्थेच्या मालकीचं ठेवा, सभासदाला वारसाहक्कासह राहण्याचा हक्क द्या आणि सोडून जायचं झालं तर भरलेले पैसे महागाईच्या वाढीसह संस्थेकडून परत मिळू द्या. पुढचं घर पुढच्या सभासदाला त्याच हिशेबाने. गरिबाने आपल्या घराची किंमत वाढताना पाहू नये का, असा आक्षेप येतो. तो मी मनापासून ऐकतो, कारण त्यांच्या हाती दुसरी मालमत्ता नसते. पण वाढलेली किंमत त्या एकाच कुटुंबाची नाही. तो वाटा रांगेत मागे उभ्या असलेल्यांचाही आहे.

राहतो प्रश्न एकाच आवारात राहण्याचा. छोटी घरं आवाराच्या मागच्या कोपऱ्यात, वेगळ्या फाटकाची, आणि मेंटेनन्स मात्र जलतरण तलावासकट सगळ्यांच्या हिशेबाने, असं झालं तर दोन वर्षांत लोक घर सोडून जातील. देखभाल शुल्क क्षेत्रफळावर आणि वापरलेल्या सोयींवर असावं. रस्ता, पाणी, मुलांची बाग मात्र सामाईक असावी. वेगळं फाटक नको. शेजाऱ्याच्या मुलाबरोबर आपल्या मुलाने खेळू नये यासाठी सार्वजनिक नियमातून मिळालेलं जादा चटईक्षेत्र वापरायला कोणालाही परवानगी नसावी.

2025 च्या मे महिन्यात राज्य मंत्रिमंडळाने ‘माझं घर, माझा अधिकार’ हे नवं गृहनिर्माण धोरण मंजूर केलं. 2030 पर्यंत 35 लाख घरं हे त्याचं उद्दिष्ट. 2012 मध्ये केंद्राच्या तांत्रिक गटाने शहरी भारतातली घरांची तूट 1.88 कोटी काढली होती आणि तिच्यातली 96 टक्के अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटातली होती. त्याच सुमारास 2011 च्या जनगणनेत देशाच्या शहरांत सुमारे 1.1 कोटी घरं रिकामी आढळली होती. नुसता आकडा वाढवून हे दोन आकडे जवळ येणार नाहीत. गृहनिर्माण विभागाने एकत्रित नियमावलीत एका कलमाची भर घालावी: समावेशक घरांचा प्रत्येक प्रस्ताव मंजूर करताना लाभार्थी संस्थेचं नाव आणि नोंदणी क्रमांक मंजुरीच्या पत्रावर असलाच पाहिजे. आणि कामगार संघटनांनी, महिला बचत गटांनी, वस्तीतल्या मंडळांनी ते कलम येण्याची वाट न पाहता आपल्या संस्था आजच नोंदवाव्यात, आपल्या प्रभागात 4,000 मीटरवरचे किती प्रकल्प चालू आहेत हे माहितीच्या अधिकारात मागवावं आणि प्रत्येकाच्या 20 टक्क्यांचा हिशेब महापालिकेकडे लेखी मागावा.